सोप्या चेंडूची धास्ती

अवघड कामाची मला भीती वाटत नाही. ही बढाई नाही, तक्रार आहे. लेखापरीक्षणवाल्यांनी काढलेल्या आक्षेपांना मी एका बैठकीत, चहा थंड होऊ न देता उत्तरं लिहिलेली आहेत. पण त्याच कचेरीत एका निरोप समारंभाला मला फक्त आभार मानायला सांगितलं, तर ज्यांना निरोप द्यायला आम्ही जमलो होतो त्यांचंच नाव मला आठवेना. मी ‘आपल्या सर्वांचे लाडके’ एवढं तीन वेळा म्हणालो आणि खाली बसलो. माझ्या लग्नातही तेच झालं होतं. वरातीत बँडवाला आणि ट्रॅक्टरवाला यांची जुंपली ती मी मिटवली, उधळलेला घोडा मी सावरला, आणि शेवटी नुसता हार घालायची वेळ आली तेव्हा माझा हार बायकोच्या गळ्यात न पडता तिच्या मागे उभ्या असलेल्या मामांच्या हातात पडला. मामा तो किस्सा अजून सांगतात आणि दर वेळी थोडा वाढवून सांगतात.

मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे. कालव्याला पाणी सुटायच्या आधी शेतकरी नमुना सातवर पाण्याचा अर्ज करतात आणि ते अर्ज माझ्या टेबलावर येतात. पाणी सोडायचं की नाही हे माझ्या हातात अजिबात नाही. ते धरणाच्या, मोठ्या साहेबांच्या आणि वरच्या पावसाच्या हातात. पण हे लोकांना पटत नाही, आणि खरं सांगायचं तर पटवून द्यायला मीही कधी फारसा गेलो नाही. सत्तावीस वर्षं कुणी ‘साहेब’ म्हणत असेल तर त्याला मध्येच अडवणं बरं दिसत नाही.

परभणीत एका खत-बियाण्यांच्या दुकानावर स्नूकरचा हॉल आहे. खाली युरियाच्या थप्प्या, वर हिरवं टेबल. जिना चढताना नाकात असा काही वास शिरतो की आजही स्नूकर म्हटलं की मला आधी कीटकनाशक आठवतं. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: लांब काठीने, म्हणजे क्यूने, पांढरा चेंडू मारायचा आणि त्याने रंगीत चेंडू टेबलाच्या कडेच्या पॉकेटमध्ये घालवायचे. काळा चेंडू, ज्याला सगळे ब्लॅक म्हणतात, त्याला सगळ्यांत जास्त म्हणजे सात गुण असतात आणि तो अगदी शेवटी घालवायचा असतो. पुष्कळदा त्या एका चेंडूवरच डाव ठरतो.

आता आमच्या हॉलची एक रीत होती. ती जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. मान असलेल्या माणसाने सोपा चेंडू खेळायचा नाही. चेंडू पॉकेटच्या तोंडाशी आला, पांढरा त्याच्या मागे सरळ रेषेत उभा राहिला, की समोरचा म्हणायचा, “धरला, साहेब.” म्हणजे हा गेलाच असं धरून चाला, तुम्ही कशाला वाकता? लगेच हॉलचा मालक पुढे येऊन तो चेंडू स्वतःच्या हाताने पॉकेटमध्ये सोडायचा आणि फळ्यावर माझ्या नावापुढे गुण मांडायचा. डॉक्टरांना धरायचे, तलाठ्याला धरायचे, लग्नं लावणाऱ्या गुरुजींना तर लग्नसराईत अर्धं टेबल धरायचे. मला उन्हाळी पाणीपाळीच्या आधी जास्त धरायचे आणि पाणी येऊन गेलं की थोडं कमी. पिंगळीचे एक ऊसवाले बागाईतदार तर चेंडू पॉकेटपासून दोन हात लांब असला तरी “धरला” म्हणून मोकळे होत. मला तेव्हा त्यांचा स्वभाव फार उमदा वाटायचा.

परिणाम असा झाला की इतक्या वर्षांत मी सोपा चेंडू मारलाच नाही. वाट्याला आले ते सगळे अवघड. टेबलाच्या या टोकावरून त्या टोकाला, कडेला आपटून, दोन चेंडूंच्या फटीतून. ते मी असे घालायचो की बघणाऱ्यांचे चहाचे कप हातात राहायचे. जिल्ह्यात आपल्यासारखा कोणी नाही, असं मी मनातल्या मनात जाहीरही करून टाकलं होतं.

मग नांदेडहून बदलून आलेला एक बँकवाला हॉलवर आला. त्याचं शेत नव्हतं, त्यामुळे त्याला पाणी नको होतं. माझा गुलाबी चेंडू पॉकेटच्या तोंडाशी होता. मी सवयीने क्यू खाली टेकवून उभा राहिलो. तोही उभा राहिला. जरा वेळाने त्याने नम्रपणे विचारलं, “तुमची खेळी ना?” मी वाकलो, मारला, आणि पांढरा चेंडू गुलाबीला न शिवता पॉकेटमध्ये गेला. मालकाने खडूची डबी उगाचच उघडून बंद केली.

त्या दिवसापासून सोप्या चेंडूसमोर वाकलो की डोक्यात गर्दी व्हायला लागली. त्याला नकारात्मक विचार म्हणतात हे मला पुढे कळलं. तोवर मी त्याला अक्कल समजत होतो. हा चुकला तर लोक काय म्हणतील, हा पहिला. हा तर शेंबडं पोरही घालील, हा दुसरा. असा विचार करायचा नसतो, हा तिसरा. आणि आपण असा विचार करतोय म्हणजे आता चुकणारच, हा चौथा. पाणीपाळीच्या तोंडावर माझ्या टेबलापुढे माणसं एकमेकांच्या खांद्यावरून अर्ज पुढे करतात, तसे ते यायचे. एकाला बसवावं तर दुसरा उभा.

उपाय करून पाहिले. कचेरीत ताणतणावावर एक प्रशिक्षण झालं होतं. बाहेरून आलेल्या वक्त्याने आम्हाला डोळे मिटून ‘मी करू शकतो’ असं मनात म्हणायला लावलं. अर्ध्या कचेरीने डोळे मिटले ते चहा आल्यावरच उघडले. मी ते वाक्य हॉलवर नेलं. चेंडूसमोर वाकून म्हणालो, मी करू शकतो. आतून आवाज आला, कशावरून? पुरावा जोडलेला नाही. आयुष्यभर लोकांच्या अर्जांवर मी हाच शेरा मारत आलो होतो, आता माझ्याच अर्जावर तो पडला. मग मोबाइलवर एका गृहस्थांनी सांगितलं की प्रत्येक खेळीआधी नऊ श्वास मोजा. मी मोजले. सातव्या श्वासाला समोरच्याने मालकाला विचारलं, “साहेबांचा डोळा लागला का काय?”

बायकोला मी एकदा ही अडचण सांगितली. ती भाजी निवडत होती. “जेवढा इचार तुमी त्या चेंडूचा करायलेत,” ती म्हणाली, “तेवढा माझ्या माहेरच्यांचा केला असता तर मामा अजून तो हार घेऊन हिंडले नसते.”

मुलगी सातवीत असताना मी तिला पहिल्यांदा हॉलवर नेलं. रविवारची सकाळ होती, घरी पाहुणे होते आणि ती पाहुण्यांशी खरं बोलायची. मालकाने कौतुकाने तिच्या हातात क्यू दिला. तिचा पहिलाच चेंडू तोंडाशी जाऊन थांबला, तसा मालक पुढे आला, “धरला, बाईसाहेब,” म्हणाला आणि चेंडू आत सोडला. तिने पॉकेटमध्ये हात घालून तो बाहेर काढला आणि होता तिथं परत ठेवला.

“काका, माझा चेंडू तुमी कामून घालायलेत?”

तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघं जायचो. ती फक्त सोपे चेंडू मारायची. जवळचा, सरळ, तोंडाशी आलेला. पुन्हा ठेवायचा, पुन्हा मारायचा, पाढे म्हणावेत तसं. मला ते फार मागासलेलं वाटायचं. माझे सोपे चेंडू मालक तिच्यासमोरही धरायचाच. मी तिला माझे लांबचे फटके दाखवायचो, ती बघायची, “भारी,” म्हणायची आणि परत आपला चेंडू तोंडाशी ठेवायची. परत येताना स्कूटरवर मागे बसून ती मला आठवड्याभराचं सगळं सांगायची. घरी ती तेच दोन शब्दांत आटोपायची.

बारावीला तिला चांगले मार्क पडले आणि तिने पुण्याला जाऊन संख्याशास्त्र शिकायचं काढलं. मी म्हणालो, इथं काय कमी आहे? मग मी पुण्याची हवा, पुण्याच्या खोल्या, मेसचं जेवण आणि दुचाकीस्वार यांच्यावर महिनाभर बोललो. पुण्याला मी आयुष्यात तीनदा गेलो आहे, त्यात एकदा मुक्काम. खरं कारण एकच होतं: ती गेली की माझा रविवार गेला असता. हे मी कोणाला सांगितलं नाही. ते एका वाक्यात सांगण्यासारखं होतं, आणि तसल्या गोष्टी मला जमत नाहीत.

शेवटी बायको कंटाळली. “दोघं एकदाचं तुमच्या त्या टेबलावर जाऊन मिटवून या,” ती म्हणाली. ती वैतागून बोलली होती, पण मुलीने तेच धरलं. ती जिंकली तर पुणं, मी जिंकलो तर इथलं कॉलेज. तिचा शब्द म्हणजे शब्द, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी लगेच हो म्हणालो, कारण आजवर ती माझ्याशी कधी जिंकली नव्हती.

“एकच अट,” ती म्हणाली. “धरायचं न्हाई. कुणाचाच.”

रविवारी सकाळी टेबलाभोवती आम्ही चौघं होतो. मी, ती, मालक आणि पिंगळीचे बागाईतदार, ज्यांना डाव कशावर लागला आहे हे मालकाने जिन्यातच सांगून टाकलं होतं. मी असा खेळलो की काय सांगू. एक लाल चेंडू दोन कडांना आपटून मधल्या पॉकेटमध्ये घातला तेव्हा बागाईतदार खुर्चीतून उठले. ती गुपचूप जवळजवळचे वेचत राहिली. शेवटी टेबलावर ब्लॅक उरला आणि ती तीन गुणांनी पुढे होती. जो ब्लॅक घालील तो जिंकणार. तिने लांबून मारला, तो कोपऱ्याच्या पॉकेटपर्यंत गेला आणि तोंडाशी थांबला. पांढरा फिरून त्याच्या मागे वीतभर अंतरावर, सरळ रेषेत येऊन उभा राहिला.

मालकाचा हात सवयीने पुढे आला. “धरला, सा—”

“काका,” ती म्हणाली. त्याने हात मागे घेतला.

मी वाकलो. नेहमीची गर्दी आलीच, पण या वेळी त्या गर्दीत एक नवा विचार होता: हा गेला की ती राहील. इथून कॉलेजला जाईल, रविवारी मागे बसून बोलेल. त्याच्या मागोमाग दुसरा: बोलेल का? मी क्यूच्या टोकाला खडू लावला. पुन्हा वाकलो. इथं मला खोटं बोलायचं नाही. तो चेंडू आत जावा असंच मला वाटत होतं, पोटातून वाटत होतं. मी मारला. ब्लॅक पॉकेटच्या एका ओठाला लागला, दुसऱ्या ओठाला लागला आणि बाहेर येऊन बसला.

ती आली, वाकली, मारला. एका श्वासाचं काम. ब्लॅक आत गेला.

बागाईतदारांनी उपरण्याने डोळे पुसले. “बापाचं काळीज लागतंय असं हरायला,” ते म्हणाले. मालक म्हणाला, “मुद्दाम सोडला. मला कळंना व्हय? एवढे अवघड घालणारा माणूस, अन् हा चुकतो?”

मी खुलासा करायला तोंड उघडलं होतं. पण स्वतः न सोडलेल्या पाण्याचं श्रेय मी सत्तावीस वर्षं घेत आलेला माणूस. हेही सहज घेतलं गेलं. मोठ्या मनाची माणसं पाहतात तसं मी खाली पाहिलं. मला बरं वाटत होतं, अगदी छान वाटत होतं. वर पाहिलं तेव्हा मुलगी क्यू जागेवर ठेवत होती.

“मलाबी धरलाच ना तुमी शेवटी,” ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

घरी येईस्तोवर ती मागे गप्प बसली होती. रात्रीच्या जेवणाला तिने सांगितलं की ती पुण्याला जाणार नाही. बापाने सोडून दिलेला डाव तिला नको होता. डाव झाला नाही असंच ती समजणार होती आणि इथल्या कॉलेजचा फॉर्म भरणार होती. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी वरणात मीठ आहे का ते पाहिलं.

म्हणजे मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. हरूनही मिळालं, वर मोठेपणासह मिळालं. आता फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यात इतकं सोपं काम मला कोणी दिलं नव्हतं, आणि नवल म्हणजे ते मला जमायलाही लागलं. सोमवारी जमलं, मंगळवारी जमलं. कचेरीत दोघंजण येऊन हात जोडून गेले, गोष्ट तिथंवर पोचली होती. बुधवारी संध्याकाळी घरी ती माझ्याच टेबलाशी बसून फॉर्म भरत होती. दर ओळीला पेन थांबत होतं. मार्कांच्या रकान्यात आकडे लिहिताना तिने बाहीने डोळे पुसले आणि कागदावर थेंब पडला तो टिपून घेतला, फॉर्म खराब होऊ नये म्हणून. मला स्वतःची शरम वाटली, साधी, भरपूर शरम.

“मी सोडला नव्हता,” मी म्हणालो. “चुकला. मला सोपे चेंडू जमत नाहीत. भीती वाटते.”

“बाबा, आता उगं समजूत घालू नका.”

“खरंच सांगतो.”

“एवढ्या लांबून घालणाऱ्याला वीतभरावरून भीती?”

मी तिला तिथून उठवून हॉलवर नेलं. ब्लॅक तसाच तोंडाशी ठेवला, पांढरा वीतभर मागे. बघ, म्हणालो, आणि मारला. ब्लॅक खाडकन आत गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी सोपा चेंडू घातला होता, आणि तोही नको त्या वेळी. मालकाने टाळ्या वाजवल्या. मुलीने माझ्याकडे पाहिलं.

“बघितलं की,” ती म्हणाली.

जिन्याकडे निघालेली ती मध्येच थांबली. परत आली, पॉकेटमधून ब्लॅक काढला आणि जागेवर ठेवला.

“आता मारा. हा गेला तर मी इथंच राहते, कायमची. पुन्हा पुण्याचं नाव घेणार न्हाई, रडणारबी न्हाई. न्हाई गेला, तर मी तुम्हाला खरं हरवलं होतं.”

मी वाकलो. वाचणाऱ्याला वाटेल की आता तरी मी मुद्दाम चुकवला असेल. तेवढा मोठा मी नाही. रडणार नाही असं ती म्हणाली होती, ते मला ऐकू आलं होतं, आणि ती राहिली तर मला हवीच होती. गर्दी तर अशी झाली की पांढरा दिसेना. मी मारला आणि ब्लॅक ओठाला लागून टेबलाच्या मध्यापर्यंत परत आला.

मालक पुटपुटला, “काय बाप हाय.” मुलगी चेंडूकडे पाहतच नव्हती. ती माझ्या हाताकडे पाहत होती.

“तुमचा हात थरथरायलाय,” ती म्हणाली. मग माझ्या कोपराखाली हात धरला आणि तसाच धरून ठेवला. “लय वेळ थरथरायलाय, बाबा.”

जूनमध्ये ती गेली. परभणीच्या स्टेशनावर तिला डब्यात बसवून देणं, हात हलवणं आणि घरी येणं एवढंच काम होतं. मी हात हलवायचा विसरलो.

मग मी मालकाला सांगितलं, माझा धरायचा नाही. त्याला ते अपमानासारखं वाटलं. बागाईतदारांना तर वाटलं की त्यांचा अर्ज कुठं अडकला. रविवारी सकाळी मी एकटा जातो, चेंडू तोंडाशी ठेवतो आणि मारतो. पुन्हा ठेवतो. तिला फोनवर सांगतो तेव्हा ती, “भारी,” म्हणते.

दिवाळीला ती आली. भाऊबीज झाल्यावर आम्ही हॉलवर गेलो. डाव शेवटच्या ब्लॅकवर आला आणि तो माझ्यासाठी तोंडाशी उभा राहिला. कोणी “धरला” म्हणालं नाही. मी वाकलो आणि गर्दीची वाट पाहिली. कोणीच आलं नाही. ज्याची धास्ती होती ते जूनमध्येच होऊन गेलं होतं, आता विचारांना तरी माझ्याकडे काय काम? मी मारला. ब्लॅक आत गेला.

“जमलं की, बाबा,” ती म्हणाली.

तिचं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं. मी पॉकेटमध्ये हात घातला, ब्लॅक काढला आणि पुन्हा तोंडाशी ठेवला. पांढरा वीतभर मागे ठेवला.

“लाव पुन्हा पैज,” मी म्हणालो. “हा गेला तर तू राहायचं.”

ती हसली. मग तिने टेबलावर वाकून ब्लॅक हातात घेतला आणि हातातच ठेवला.

“आता न्हाई लावत,” ती म्हणाली. “आता तुमचा जाईल.”